अठ्ठावीस लाखांना नाही म्हटल्यावर

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. व्यवहार मोठा आहे, निर्णय कसे घेतले याची नोंद असलेली बरी.

बाबांना जाऊन वर्ष झालं. ताई भाड्याने राहते त्या दोन खोल्यांच्या मागे शेड आहे, तिथे बाबांची स्पोर्ट्स कार बावीस वर्षं उभी आहे. दोन सीटची, उघडी, फिकट हिरवी. या मॉडेलच्या अगदी पहिल्या वर्षीची. त्या वर्षी दोनशेच बनल्या. भाव असतो तो पहिल्या वर्षीच्या गाडीलाच, हे मी जुन्या गाड्यांच्या एका मासिकात वाचलं. मृत्युपत्राप्रमाणे अर्धी माझी, अर्धी ताईची.

ताईला घाई. घरमालकाने तिच्या खोल्या विकायला काढल्यात. चौदा लाख. तीस जूनपर्यंत पहिला हक्क तिचा, नंतर कोणीही घेईल.

घाईतल्या माणसाने किंमत ठरवू नये. मी ठरवीन. एकतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात बसून लोकांच्या जळलेल्या सोफ्यांची आणि चोरीला गेलेल्या फ्रिजांची किंमत मीच लावतोय. गाडी काय वेगळी असते?

५ मार्च
शेड उघडली. शिसारी आली. डाव्या सीटमध्ये उंदरांची दोन-तीन बाळंतपणं झालेली. डिकीत पाणी, पाण्यात एक चप्पल. वास असा की नाक धरून तोंडाने श्वास घेतला तर जिभेवर चव आली.
घरी आलो तर ही दारातच म्हणाली, शर्ट बाहेर काढून या.
तरीही मासिकात गाडीच्या अवस्थेचे एक ते चार असे दर्जे दिलेत, त्यात आपली दुसऱ्यात बसते. अडीचमध्ये म्हणू फार तर.

९ मार्च
दंतवैद्य येऊन गेला. जुन्या गाड्या जमवतो, सात आहेत म्हणे. नखं इतकी स्वच्छ की बघवेना. गुडघे टेकून इंजिनावर बॅटरी मारली, तिथला नंबर वाचला, बाबांच्या कागदांशी ताडून पाहिला आणि हसला. मग दरवाज्याच्या उडालेल्या रंगावरून बोट फिरवत विचारलं, एकदाही पुन्हा रंगवलेली नाही ना? मी ओशाळून नाही म्हणालो. तो म्हणाला, वा.
वा काय? माणसाला टोमणा मारायचीही रीत असते.
अठ्ठावीस लाख म्हणाला. सोमवारी पैसे.
ताईने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, अरे, अर्धे म्हणजे बरोबर चौदा.
मी म्हणालो, विचार करून कळवतो.
जो माणूस उंदराच्या घाणीला अठ्ठावीस देतो, त्याला तिची खरी किंमत निश्चित माहीत असणार. लोक इतके लबाड असतात की जेवण जात नाही.

११ मार्च
सापडलं! मासिकातल्या लिलावाच्या यादीत याच मॉडेलची, याच वर्षीची गाडी. एक कोटी दहा लाख.
संकल्प: ऐंशीच्या खाली कोणाशी बोलायचं नाही.
दंतवैद्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ती गाडी शर्यतीत धावलेली, पहिल्या दिवसापासूनची बिलं जपलेली, आणि त्या दिवशी दोन श्रीमंत माणसं हट्टाला पेटली होती. तो एका दिवसाचा भाव होता, गाडीचा नाही. मी म्हणालो, भाव तो भाव. तो म्हणाला, बरं, मत बदललं तर सांगा.
बदलणार नाही.

२ एप्रिल
जाहिरात देऊन तीन आठवडे. फोन चार.
एकाने विचारलं, ॲव्हरेज काय देते? ठेवला.
एकाला नुसता फोटो काढायचा होता, मुलीला बॉनेटवर बसवून. ठेवला.
तिसरा समक्ष आला. लग्नात गाड्या भाड्याने देतो. पाच लाख म्हणाला, वर छप्पर बसवता येईल का विचारलं. पान खाल्लेलं तोंड, आणि हात थेट स्टिअरिंगवर. त्याला घालवून स्टिअरिंग डेटॉलने पुसलं.
चौथा फोन ताईचा. दंतवैद्याला कळवू का, विचारत होती. मी म्हणालो, बाजार आत्ता मंद आहे. ती म्हणाली, तुला कसं कळलं? असल्या प्रश्नांना उत्तर नसतं.

६ एप्रिल
घोळ लक्षात आला. गाडी घाण दिसते. घाणेरड्या गोष्टीला कोण ऐंशी देईल? मीही देणार नाही. नवी कोरी करायची.
नाक्यावरच्या मिस्त्रीला दाखवली. म्हातारा वाकून चारी बाजूंनी बघून आला. मग म्हणाला, साहेब, ब्रेक करून देतो, बाकी कशाला हात लावू नका. अशी परत मिळत नाही.
याला दंतवैद्याने किती चारले असतील?

१० एप्रिल
दुसरा गॅरेजवाला मिळाला. हसतमुख. मी जे सांगितलं त्या सगळ्याला हो म्हणाला. याला म्हणतात व्यावसायिक.
खर्च तीन लाख. माझी ठेव मोडली. हिला सांगितलेलं नाही. योग्य वेळी.

२४ एप्रिल
हिला कळलं. बँकेतून पत्र आलं.
आठ दिवस बोलणार नाही असं दिसतंय. भाजी वाढते, पण ताटापासून वीतभर उंचावरून.

९ मे
रंग झाला. लाल! आरशासारखा. मासिकातल्या सगळ्या महाग गाड्या लालच आहेत, मी मोजल्या. सीटचं ते भोकं पडलेलं जुनं चामडं फेकून नवं रेक्झिन घातलं, काळं, पांढऱ्या शिलाईचं. घाणीचा मागमूस नाही.
ताईला बोलावून दाखवली. तिने सीटच्या शिलाईवरून हात फिरवला. मग म्हणाली, बाबांची कुठली ही?
तिला सौंदर्याची जाण कधीच नव्हती.

१६ मे
आज स्वतःच्या हातांनी काम केलं. इंजिन चकचकीत केलं, पण एका बाजूला गंजलेले वेडेवाकडे आकडे तसेच, त्यांच्या खाचांत काळं तेल. गॅरेजवाल्याचं ग्राइंडर घेऊन घासून सपाट केले, वर चंदेरी रंग मारला. आता बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागतं.
नंबर कागदावर आहेच की. लोखंडावर पुन्हा कशाला?

२ जून
ताईने विचारलं, तीस तारीख लक्षात आहे ना? मी सांगितलं, लिलाव कंपनीची तज्ज्ञ बाई वीस तारखेला येणार. पंचवीसपर्यंत पैसे. मनात आकडा पंच्याण्णव आहे, पण ताईला ऐंशीच सांगितले. नंतर एकदम आनंद व्हावा.
ती बरं म्हणाली. फक्त बरं.

२० जून, दुपारी १२.४०
तज्ज्ञ बाई येऊन गेली.
तिशीची असेल. बूट चिखलाचे, ते न पुसता शेडमध्ये आत. गाडी पाहून आधी म्हणाली, अरेरे. मग वाकून इंजिनाच्या त्याच बाजूला पाहिलं. बोट फिरवलं. मला विचारलं, इथला नंबर?
मी म्हणालो, साफ केला.
ती सरळ उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, पहिल्या वर्षीच्या गाडीला जे पैसे मिळतात ते ती पहिल्या वर्षीची आहे हे सिद्ध होतं म्हणून. कारखान्यातलं इंजिन, कारखान्यातला रंग, कारखान्यातलं चामडं. रंग गेला, चामडं गेलं, त्याचं वाईट वाटलं. नंबर गेला, तिथे मी थांबते. हे इंजिन याच गाडीचं आहे, हे आता तुम्ही कोणाला दाखवणार?
मी म्हणालो, माझ्या शब्दावर.
ती हसलीसुद्धा नाही.
नऊ लाख लिहून गेली. खाली पेन्सिलीने: गिऱ्हाईक मिळाल्यास.
फरशीवर चिखल. पुसला. दोनदा.

२० जून, संध्याकाळी
बाईला अनुभव कमी. दुसरं मत घ्यायला हवं.

२४ जून
दुसरं मत: आठ.

२५ जून
दंतवैद्याला फोन केला. अगदी सहज, चौकशी म्हणून. त्याला एप्रिलमध्येच दुसरी मिळाली. माझ्या गाडीची काय अवस्था आहे विचारलं. मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, नंबरसुद्धा? मग म्हणाला, सुट्या भागांसाठी सात देईन. आवाजात दया होती. कोणाला माझी दया आली की मला त्या माणसाची किळस येते, त्याची आली.

१ जुलै
काल तीस तारीख गेली. ताईकडे जाणं भाग होतं. बाजाराची एकूण परिस्थिती समजावायची असं ठरवलं होतं. बसमध्ये मुद्दे काढले, पाच. दार उघडेपर्यंत दोन उरले.
ताई स्वयंपाकघरात भिंतीला नवा नळ बसवून घेत होती. नळवाला म्हणाला, बाई, भाड्याच्या घरात इतका खर्च? ती म्हणाली, भाड्याचं नाही, माझं आहे.
चार जूनलाच घेतल्या खोल्या. नर्स होती त्या हॉस्पिटलच्या पतपेढीतून, पेन्शनवर कर्ज काढून. अकरा वर्षांचे हप्ते.
मी म्हणालो, मला सांगितलं का नाहीस?
म्हणाली, तू घरमालकाशी भाव करायला आला असतास.
नळवाल्याने पाना पाडला. हसला असणार.
चहा देताना ताईने सांगितलं, सकाळी एका दवाखान्यात जाते आता, इंजेक्शनं द्यायला. साडेसहा ते अकरा. पेन्शन हप्त्यात जाते, वरखर्चाला पाहिजे ना. हे अगदी दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. ती सहासष्ट वर्षांची आहे. उठताना टेबलाला धरून उठते.
परत येताना बसमध्ये शेजारच्याने संत्रं सोललं. वास सहन होईना, मधेच उतरलो. पुढे चालत आलो. वास संत्र्याचा नसावा.

१९ जुलै
ऑफिसात एका बाईचा अर्ज. चोरीला गेलेलं शिलाई मशीन, आईचं होतं म्हणून जास्त मागते. घसारा लावायला पेन उचललं, ठेवलं. चहाला गेलो. आल्यावर लावला. नियम आहे.
दिवसभर स्वतःशी पटलं नाही.

३ ऑगस्ट
दंतवैद्याला हो सांगितलं. सात लाख. ट्रक सकाळी आला. गाडी सुरू होईना, तेव्हा मी मागून ढकलली. दंतवैद्याने कोट काढून एका बाजूने जोर लावला, नखांची पर्वा केली नाही. ताई खिडकीतून बघत होती. फळीवर चढवताना लाल रंगाचा पापुद्रा निघाला, खाली हिरवा दिसला. दंतवैद्याने तिथे बोट ठेवलं. काही बोलला नाही, याबद्दल आभारी आहे.
साडेतीन-साडेतीन लाख.

४ ऑगस्ट, सकाळी ६
माझा हिस्सा ताईला द्यायचा. ठरलं. तत्त्व म्हणून. तिचे हप्ते तरी कमी होतील, दवाखाना सुटेल.
काल रात्री जेवताना हिला सांगितलं. हिने पहिल्यांदाच भाजी नीट वाढली. मग म्हणाली, ताई घेणार नाहीत.
मलाही तेच वाटतं. स्वाभिमानी आहे. दोनदा तरी नको म्हणेल. तिसऱ्यांदा आग्रह कसा करायचा ते ठरवलंय: बाबांची शपथ घालायची, चेक फळीवर डब्याखाली ठेवायचा, मागे न बघता निघायचं. आरशासमोर एकदा करून पाहिलं. गळा दाटून आला. चांगलं झालं.

४ ऑगस्ट, दुपारी
ताईने चेक घेतला. रक्कम वाचली, तारीख तपासली, पर्समध्ये ठेवला. म्हणाली, चहा घेणार का?
एकदाही नको म्हणाली नाही.