‘दुर्मीळ’च्या आधी

१४ जून

प्रिय चिमणे,

कशी आहेस? गुडघ्यांचं विचारत नाही. आपल्या वयात ते विचारलं की उत्तर तीन पानी येतं. मी ठणठणीत आहे आणि भयंकर संतापलेली आहे. अठरा वर्षांनी पत्र येतंय म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही.

आपल्या ग्रंथालयाची शंभरी भरतेय. स्मरणिका निघणार आहे. नवा ग्रंथपाल, वय वर्षं बत्तीस, कच्चा मजकूर घेऊन घरी आला. “मॅडम, संगणकीकरणाचं पान तेवढं नजरेखालून घाला.” घातलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आणि तळाशी हे वाक्य : ‘एका तत्कालीन कर्मचारी महिलेच्या निष्काळजीपणामुळे दोनशे बारा दुर्मीळ ग्रंथ रद्दीत गेले.’

निष्काळजी! तू! कप ठेवायच्या आधी टेबल पुसणारी!

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“चौकशीचा अहवाल आहे ना, मॅडम. त्यात तुमची साक्षही आहे.”

एरवी असल्या पोरांना गप्प करायला मला अर्धं वाक्य पुरतं. त्या दिवशी मी त्याला शुद्धलेखनाच्या अकरा चुका तेवढ्या दाखवल्या.

आपली ती खोली आठवते? बांधणीखात्याच्या वरची, खळीचा वास, न लागणारी खिडकी आणि दोघींत मिळून एकच धड मॉनिटर. पुस्तकाची अवस्था लोक मनाला येईल तशी टाइप करायचे. ‘बांधणीला’, ‘बाइंडरकडे’, ‘शिवायला दिलंय’. एका महाभागाने तर ‘आजारी’ लिहिलं होतं! मग तू जावा या संगणकभाषेच्या नव्या आवृत्तीतून ‘एनम’ नावाची सोय शोधून काढलीस. ठरावीक शब्दांची क्रमवार यादी, बस्स : कपाटात, वाचकाकडे, बांधणीला, दुर्मीळ. या चारांबाहेरचं काही लिहिलं की प्रोग्राम पुढे सरकायचाच नाही. चाकाच्या खुर्चीत गर्रकन फिरून तू म्हणालीस, “आता एकही पुस्तक आजारी पडणार नाही गं!” इतकी खूश मी तुला तुझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

वर्षभराने ‘बाद’ ही पाचवी अवस्था हवी झाली. जीर्ण पुस्तकं काढून टाकायची होती. तू रजेवर होतीस, म्हणून ती मी घातली. आणि घातली कुठे? ‘बांधणीला’च्या खाली, ‘दुर्मीळ’च्या आधी. का, तर शिवून सुधारलं नाही ते बाद, हा क्रम मला नीटस वाटला. ‘दुर्मीळ’च्या खाली ‘बाद’ ओंगळ दिसत होतं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं करून करून वाढवलं, त्याचं हे फळ.

पण डेटाबेसमध्ये अवस्थेचं नाव नव्हतं, नुसता तिचा यादीतला क्रमांक होता. ‘दुर्मीळ’चा क्रमांक मी ‘बाद’ला देऊन टाकला, म्हणजे आधीचे सगळे दुर्मीळ ग्रंथ एका फटक्यात बाद. प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. यादी छापली गेली, शिपायांनी गठ्ठे बांधले. यादी संगणकाची, म्हणजे बरोबरच, असा तेव्हा सगळ्यांचा समज. तू रजेवरून आलीस तोवर कारखान्यात लगदा झाला होता.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, “नवीन अवस्था मध्ये घालायची नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांना म्हणालीस, “मीच सांगायला विसरले असेन, सर.”

चिमणे, तू विसरली नव्हतीस. रजेवर निघताना पर्स खांद्याला लावून, दारातून मागे वळून म्हणाली होतीस, “काही वाढवायचं झालं तर शेवटी घाल हं, मध्ये नको. नंबर सरकतील.” मी मान न वळवता ‘हो गं बाई, जा आता’ म्हटलं होतं. शब्द न् शब्द आठवतो. तेव्हाही आठवत होता.

तू राजीनामा दिलास. मला बढती मिळाली. मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात माझ्या काटेकोरपणावर तिघंजण बोलले आणि मी हार घालून घेतला.

काल ग्रंथपालाला पत्र पाठवलं. नावानिशी, सहीनिशी. वाक्य बदलून माझं नाव छापा, म्हटलंय. तू ‘जाऊ दे गं, आता काय त्याचं’ म्हणशील हे ठाऊक आहे, म्हणून ते आधी टाकलं आणि तुला आज लिहितेय.

उत्तर आलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होते. पण खोटं एकदा बोलले तेवढं पुरे. चालणार नाही.

तुझी,
अजून म्हणू देत असलीस तर