बिबट्याला कुत्रा लिहिणाऱ्या पंचनाम्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, टेंभूरवाडी,
जि. छत्रपती संभाजीनगर.

विषय : खडकपिंपळ ते माळवस्ती रस्त्यावरील बिबट्याचा फेरपंचनामा करणेबाबत.
संदर्भ : दि. ११ नोव्हेंबर २०२५ रोजीचा पंचनामा.

महोदय,

मी खाली सही करणार, माळवस्तीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. घरून तीन किलोमीटर सायकलवर जाते. मागे कॅरियरवर माझी मुलगी संस्कृती, वय चार, ओढणीने माझ्या कमरेला बांधलेली असते. हा अर्ज खिचडी शिजेपर्यंतच्या वेळात लिहीत आहे, तरी खाडाखोड माफ असावी.

१) दि. १० रोजी सकाळी सव्वाआठला पाझर तलावाच्या वळणावर बिबट्या रस्त्यात बसलेला होता. अंतर दोन बैलगाड्यांचे. मी घंटी वाजवली नाही, वळले नाही, नुसते पाय टेकले. मुलगी माझ्या पाठीला गाल लावून हळूच म्हणाली की मम्मी, केवढी मोठी मनी. त्याने आमच्याकडे बघितले आणि उठून कपाशीत गेला.

२) दुसऱ्या दिवशी आपले वनरक्षक आले, तोवर ठशांवरून ट्रॅक्टर गेला होता. पंचनाम्यात लिहिले की सदर प्राणी मोकाट कुत्रा असावा, महिला घाबरट स्वभावाची आहे. पंच म्हणून एक सही पोलीस पाटील मोतीरामकाकांची. दुसरी माझे पती विश्वजीत यांची. ती सही मी सहा वर्षे ओळखते, तरी दोनदा वाचली.

३) कारण पंचनाम्यात नाही, ते मी सांगते. कापूस फुटला आहे. बिबट्या म्हटलं की वेचणीला बाया येत नाहीत. काका चारचौघांत म्हणाले, सूनबाई, सायकल सावकाश हाणत जा, म्हंजी कुत्रं वाघावानी दिसणार नाय. सगळे हसले, त्यात माझे मालकही होते. घरी येऊन म्हणाले, सही केली म्हणून काय झालं, माझा इश्वास हाय की तुझ्यावर. साहेब, विश्वास नसता तर मला एवढं लागलं नसतं.

४) त्याच कपाशीत आता बाया वाकून वेचतात, लेकरं बांधावर निजवतात. मी सांगायला गेले तर म्हणतात, तुझ्याच मालकानं कुत्रं म्हणून लिहून दिलंय की.

५) मुलीलाही माझ्या मालकांनी तेच शिकवले. ती कुत्र्याला भीत नाही. आज सकाळी त्याच वळणावर तिने डब्यातली अर्धी पोळी कपाशीकडे धरली आणि यू यू करून त्याला हाका मारल्या. मी हात ओढला तर रडली, की पप्पा म्हणलेत.

तरी विनंती की फेरपंचनामा करून वळणावर कॅमेरा लावावा. त्याला वेळ लागणार असेल तर साहेबांनी आधी एकदा गणवेशात अंगणवाडीत यावे आणि माझ्या मुलीला सांगावे की तो कुत्रा नव्हता. तिच्या पप्पांचा शब्द एकट्या माझ्याने मोडत नाही.

आपल्या येण्याकडे डोळे लावून,
सौ. दीपमाला विश्वजीत गायके
रा. खडकपिंपळ
दि. १३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) पंचनाम्याची झेरॉक्स.
२) मुलीने दि. १० रोजी, वडील घरी येण्याआधी, काढलेले चित्र. अंगावरचे ठिपके तिने स्वतः काढले आहेत.