बर्गसाठी लावलेलं दार

दूझ

प्रिय मब्रूकाताई,

परवा फोनवर तू माझी चांगलीच हजेरी घेतलीस. "सालिहा, डोकं फिरलंय का तुझं? घरात म्हातारी आई, आणि त्यात कुत्र्याचं पिल्लू आणलंस?" मी नुसती हं हं करत राहिले, तसा तुझा पारा आणखीच चढला. काय करू बाई, आपली उम्मी मांडीला मांडी लावून बसली होती. तुझा फोन आला की आवाज मोठा करायला लावते आणि शब्दन् शब्द ऐकते. तिला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र. आमची शेजारीण हद्दा लेकीकडे तुमच्या स्फाक्सला निघालीय, तिच्याच हाती देतेय.

आधी पिल्लाचं सांगते. सलूगी आहे, शिकारी जातीचा, धाऊच्या चुलतभावाने दिलाय. वाळूच्या रंगाचा, नुसते पायच पाय. मोठा झाला की विजेसारखा धावेल म्हणून माझ्या नवरोबाने, धाऊने, नाव ठेवलं बर्ग. सध्या वीजबाई गालिच्याच्या काठाला अडखळून तोंडावर पडतात. हद्दा पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर थबकली, "अगं बाई, कुत्रं घरात? फरिश्ते दारातूनच माघारी फिरतील." उम्मीने तिला तिथल्या तिथे झापलं. "हे कुत्रं नाही, सलूगी आहे. माझ्या बापाच्या तंबूत सलूगी आमच्या पांघरुणात झोपायचे, आणि फरिश्ते यायचे ते यायचेच. तुझ्याकडे कितीसे येतात, ते सांग आधी." हद्दा आत येऊन चहाला बसली.

आता तुला माहीतच आहे, आपलं सगळं घर जमिनीवर. बसणं खाली, जेवणं खाली, शेगडी खाली. म्हणजे सगळं पिल्लाच्या तोंडाशीच. म्हणून मी चहाची शेगडी अंगणातल्या उंच कट्ट्यावर नेली. उम्मी काय कडाडली! ह्या घरात चहा तिनेच करायचा, दुसऱ्या कुणी केला तर तिच्या लेखी ते धुण्याचं पाणी. मी म्हटलं, "उम्मी, त्याने निखाऱ्यात नाक घातलं तर?" मग बडबडत का होईना, उभ्याने चहा करायला लागली. मी शेजारी उभी असते, पिल्लाला धरून. अंगणातल्या पाण्याच्या टाक्याला धाऊने लोखंडी झाकण केलं, त्याला कुलूप. उम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या फळीवर गेल्या, कारण बर्ग काहीही चावतो. आणि बाबांनी लावलेली कण्हेर मी मुळासकट उपटली. उपटताना मला फार रडू आलं. उम्मी म्हणाली, "रडतेस काय वेड्यासारखी? तिचं पानन् पान विषारी. लेकरू खाईल की." मी डोळे पुसले आणि खड्डा बुजवला.

सगळ्यात अवघड गेलं ते दार. आपल्या गल्लीत दिवसाउजेडी कुणी दार लावतं का? लावलं की लोक म्हणणार, ह्यांना पाहुण्याला घास द्यायचा जिवावर आलाय. उम्मीने तर जन्मात कधी दार लावलं नाही. पण सलूगीचं पिल्लू बाहेर पडलं तर कुणी उचलून नेईल, नाहीतर ट्रकखाली येईल, हे सगळ्यांना पटतं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगते. उंच कडी बसवलीय, आणि बर्गच्या नावाने दिवसभर लावलेली असते.

आता खरं सांगते, ताई. ह्यातलं काहीही पिल्लासाठी केलेलं नाही. हे सगळं करता यावं म्हणून पिल्लू आणलं. एके दुपारी उम्मी पुदिना समजून कण्हेरीची पानं किटलीत टाकत होती. मी हात धरला, तर मलाच म्हणाली, "पुदिना ओळखता येत नाही होय गं तुला?" मग टाक्याचं जुनं झाकण उघडं सापडायला लागलं. मग एकदा ती बाबांना जेवायला बोलवायला म्हणून खजुरीच्या बागेत निघून गेली, भर उन्हात, अनवाणी. बाबांना! त्यांना जाऊन किती वर्षं झाली गं. बागेतल्या माणसांनी आणून सोडलं, तर त्यांच्यावरच करवादली, "हात कशाला धरता, मी काय आंधळी आहे?" डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, एकटीला बाहेर पडू देऊ नका. सोपं आहे सांगायला. जिने अख्ख्या गल्लीला चहा पाजला तिला कसं म्हणू, की आता शेगडीपाशी एकटी जाऊ नकोस? तिच्या तोंडावर दार कसं लावू? अपमानानेच मेली असती गं ती. तेव्हा धाऊ म्हणाला, "पिल्लू आणू. सगळा दोष त्याच्या माथी मारू." तुला फोनवर हे कसं सांगणार होते मी?

मला वाटलं होतं, उम्मीला पत्ता लागला नाही. काल दुपारी मी कुसकुस चाळत बसले होते. बर्ग दार खरवडत होता. उम्मी उठली, सरळ दारापाशी गेली आणि टाचा उंच करून कडीपर्यंत हात नेला. माझी चाळणी थांबली. तिने कडी चाचपली. मग हात खाली घेतला, बर्गला उचलून छातीशी धरलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "चल राजा, आत जाऊ. पोरीने आपल्या दोघांसाठी एवढा खटाटोप केलाय, तिला घाबरवायचं नाही. आणि मला कळलंय, हे तिला सांगायचं नाही हं." मी मान वर केली नाही. ताई, ईदला तू येणार, म्हणून हे लिहिलं. शेगडी का हलवली, कण्हेर कुठे गेली, काही म्हणजे काही विचारू नकोस. आत आलीस की पाठीमागे कडी लाव, आणि उम्मीला ऐकू जाईल अशा आवाजात बर्गला रागाव, की तुझ्यापायी आम्हाला दिवसा दार लावून बसायची पाळी आली.

वाट पाहणारी, तुझीच,
सालिहा