शिल्लक नसलेला टाइमआउट

सू फॉल्स,
१० मार्च

प्रिय बाबा,

तुम्ही, आई आणि धाकटे दोघं मजेत असाल. मी बरी आहे. इथला बर्फ वितळून सगळीकडे चिखल झालाय. आईचे दालचिनी रोल बसमध्येच संपले, तिला सांगा.

कालचा बास्केटबॉलचा सामना तुम्ही टीव्हीवर पाहिलातच. आमच्या विभागातल्या कॉलेजांची, कॉन्फरन्सची अंतिम लढत, आम्ही एका गुणानं पुढे, चेंडू माझ्या खोलीतल्या ब्रिनच्या हातात, वेळ संपत आलेली, आणि मी टाइमआउट मागितला. शिल्लक एकही नव्हता. नसताना मागितला की टेक्निकल फाउल. त्यांचे दोन्ही फ्री थ्रो आत गेले, आम्ही हरलो. राष्ट्रीय स्पर्धेला आता त्या जातील.

कुणी रागावलं नाही. कोच हॅडली म्हणाल्या, "अगं, होतं असं." संघातली टेगन म्हणाली, "मार्लिस, तुझ्या वाढदिवसाला टाइमआउटच देऊ या. डझनभर." सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुम्ही फोनवर म्हणालात, "पोरी, विसरणं म्हणजे पाप नव्हे." मी 'हो' म्हटलं. तेव्हापासून जेवण जात नाही.

मी विसरले नव्हते, बाबा. त्याआधीच्या टाइमआउटमध्ये कोचनी एकेकीला विचारलं होतं, "आता किती उरले?" "एकही नाही." सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

उपांत्य सामन्यात ब्रिन डोक्यावर पडली. लगेच उठली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. खोलीवर आल्यावर ती ओकली. म्हणाली, "डॉक्टरांना कळलं तर मला बाहेर बसवतील. शपथ घे." आपल्या पंथात शपथ घेत नाहीत, म्हणून मी नुसतं 'सांगणार नाही' म्हटलं. आपल्या घरी दिलेल्या शब्दाचं वजन किती, ते तिला कुठून माहीत असणार.

काल शेवटी चेंडू घेऊन ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आपली बास्केट कुठली गं?" समोरून दोघी तिच्यावर धावून येत होत्या. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. खेळ थांबवायला मला दुसरं काही सुचलं नाही.

रात्री तिनं विचारलं, "विसरलीस ना?" मी दिवा मालवला.

"विसरलीसच," ती म्हणाली. "तसंच राहू दे."

राहूही दिलं असतं. पण आज दुसऱ्या एका स्पर्धेचं आमंत्रण आलंय. गुरुवारी सामना. ब्रिन खेळणार म्हणते. उजेड सोसत नाही म्हणून भरदुपारी पडदे ओढून झोपलीय, आणि गुरुवारी खेळणार म्हणते.

मला रडू येत नाही. वाईटही वाटत नाही. दिलेला शब्द कधी मोडावा, हे आपल्या घरच्या, स्वयंपाकघरातल्या शाळेत तुम्ही कधी शिकवलं नाहीत. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही प्रार्थना करून ठरवू म्हणाला असतात. तेवढा वेळ नाही.

कोचकडे जाते आहे. पण ब्रिनच्या पाठीमागे नाही. आधी तिला उठवून सांगते. यानंतर ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.

शब्द मोडायला निघालेली,
तुमचीच,
मार्लिस