फळा त्यांचा, भिंत आमची

८ जुलै ९६
चहाच्या कंपनीने वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर बातम्यांचा फळा लावला, त्याला महिना होईल. त्यांचा माणूस मोटारसायकलवर येऊन रोज सकाळी लिहून जातो. आज पुन्हा तेच. जीप उलटली. शाळेतून येणारी मुलगी पळवली. बायकोने, सुमनने वाचलं आणि प्रज्ञाला राहुरीच्या शाळेत जाऊ दिलं नाही. लेकीचं दहावीचं वर्ष. सुमनला म्हटलं, असं कुठं ना कुठं घडतच असतं. "घडतंय ना? मग माज्याच लेकीची पाळी कशाला आनायची?"


११ जुलै
खत आणायला एस.टी. स्टँडवर गेलो. तिथेही त्याच कंपनीचा फळा, तेच अक्षर. पण नुसता आनंद. मजुराची मुलगी डॉक्टर झाली. हरवलेला म्हातारा घरी आला. तिकडच्या पोरी दप्तरं घेऊन गाडीत चढत होत्या. आमच्या वस्तीतली एकही नाही. खत राहिलंच.

१२ जुलै
फळा लिहिणाऱ्या माणसाला गाठलं. नम्र आहे, काका म्हणतो. लपवलं नाही. एका फळ्यावर वाईट, दुसऱ्यावर चांगलं. मग कुठली माणसं कशी वागतात, चहा कुठे जास्त खपतो, ते कंपनी बघते. "बातम्या सगळ्या खऱ्या आहेत काका." आम्हाला विचारलं का? तर म्हणे, विचारलं की माणसं वेगळी वागतात.
संध्याकाळी वंदनेत 'मुसावादा वेरमणी'पाशी अडखळलो. खोटं बोलणार नाही, हे शील. पण खरं तेवढंच वेचून भीती घालायची, हे कशात बसतं?

१४ जुलै, रविवार
वंदनेनंतर सगळ्यांपुढे मांडलं. विहार कमिटीचे नामदेवदादा म्हणाले, कंपनी ट्यूबलाइट देणार आहे, पंखा देणार आहे. "तू लई शाना. वाचू नको मग." सगळे हसले.
"दादा, पोरी घरी बसल्यात. त्यांना काय पंख्याखाली बसवायचं?"
हसू थांबलं. पण माझ्या बाजूने उठलं कुणी नाही.

१५ जुलै
एकट्याने फळा उतरवला. जड निघाला, खांदा धरलाय. कंपनीचा माणूस आला. फळा कंपनीचा आहे, तक्रार होईल म्हणाला.
"न्या की. भिंत आमची हाय."
दादा समोरून गेले. जयभीम नाही.

१७ जुलै
फळा आता दादांच्या ओट्यावर. आज दोन बसची टक्कर. शेजारी उभा राहिलो. वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, स्टँडवरचा वाचा, मग घरी जा. दादांच्या सुनेने विचारलं, "तात्या, रोज हुबं ऱ्हानार का?" व्हय म्हटलं, रोज. काहीजण गेलेही. सुमनही वाचून तिकडे गेली. परत आल्यावर म्हणाली, "दोनी खरं हाय म्हनता. मग मी कोनतं धरू?"
"ते तू ठरव. कंपनीनं न्हाई."
चूल पेटवायला गेली. प्रज्ञाला उद्याच्या गाडीने शाळेत पाठवायचं का, ते अजून ठरलं नाही.