ओस्मारला विकायला काढलंय

६ जुलै

उशीर झाला लिहायला. माफ कर, वहीबाई. वसंत ऋतू संपल्यापासून तुला हात लावला नाही. एक तर डोळे दुखतात, आणि लिहावं असं काही घडतही नव्हतं. आज घडलं.

बेसबॉलच्या स्टेडियममध्ये होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या तीन रांगा माझ्या. काचेचा कारखाना बंद पडल्यापासून मी तिथं लोकांना जागा दाखवतो, खुर्च्या पुसतो, मोहरीच्या सॉसचे डाग काढतो. पहिल्या रांगेत दुसऱ्या क्लबांची माणसं बसतात — पारखी. आमच्या पोरांना बघायला येतात. चेंडूचा वेग मोजायचं यंत्र हातात धरतात आणि पिचरनं चेंडू टाकला की वर करतात. ते वर केलं की समजायचं, हा पिचर बघायला आलाय.

आज एक नवा आला. करडी टोपी. सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. यंत्र पिशवीतच! सबंध सामन्यात एकदाही बाहेर काढलं नाही. आपला संघ क्षेत्ररक्षणाला उतरला की पुढे सरकून बसायचा. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला की उभाच राहायचा.

शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून चेंडू अडवणारा, म्हणजे आपला ओस्मार. माझा जावई.

घरी येऊन सूप केलं. तसंच झाकून ठेवलं.

८ जुलै

हे मला कळत नाही असं नाही. मी आठवी शिकलोय, पण आमचा क्लब मला पाठ आहे. आमचं पोर्ट मॅरियन गाव केवढं? किनाऱ्यावरची मोठी शहरं एका पिचरला देतात तेवढ्यात आमच्या क्लबचा, फेरीमेनचा, अख्खा संघ उभा राहतो. मग आमच्या क्लबनं करायचं काय? कोवळी पोरं स्वस्तात उचलायची. वाढवायची. मुख्य संघात आला की सहा वर्षं पोरगा बांधलेला असतो, मग मोकळा होतो आणि श्रीमंतांकडे जातो. म्हणून पाचव्या वर्षीच, भाव चढलेला असताना, त्याला देऊन टाकायचा आणि बदल्यात तीन कोवळी पोरं घ्यायची. शिवाय दुसऱ्यांनी टाकून दिलेले पिचर आणून तळघरात त्यांचा हात दुरुस्त करायचा. असं करत करत आम्ही दर दोन-तीन वर्षांनी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, खेळतो, आणि श्रीमंत बोटं मोडत बसतात.

हे सगळं मीच लोकांना समजावत आलो. हाल्वर ग्रिमला विकलं तेव्हा बेकरीवाली यादविगा गल्ल्यावर बसून रडली होती. मी म्हटलं, बाई, रडू नकोस, ती तीन पोरं कशी निघतात ते बघ! त्यातलाच एक ओस्मार. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, व्हेनेझुएलातल्या मराकाइबोहून आलेला, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पुढं माझ्या रोझालीशी लग्न केलं. समोरचंच घर घेतलं. मारिसोल झाली.

चार वर्षं खालच्या संघात काढली. मुख्य संघातलं हे त्याचं पाचवं वर्ष.

९ जुलै

टेनब्रुक जिन्यात भेटला. क्लबचा सगळा कारभार त्याच्या हातात — कोण घ्यायचा, कोण द्यायचा. माझ्याकडे बघून हसला. का हसला?

११ जुलै

कोबीच्या पानातले खिम्याचे मुटके घेऊन समोर गेलो. रोझाली फोनवर होती. मला बघितलं आणि म्हणाली, "नंतर बोलते." ठेवला!

"कोण होतं?"

"कोणी नाही, बाबा."

"कोणी नाहीशी एवढा वेळ?"

"तुम्ही काय घड्याळ लावून बसता का पलीकडे?" हसली. मी हसलो नाही.

तिच्या गॅरेजमध्ये खोकी रचलीत. विचारलं. जुनी खेळणी आहेत, चर्चला द्यायचीत म्हणे. मारिसोल चार वर्षांची. एवढी खोकी भरतील इतकी जुनी खेळणी आली कुठून?

१४ जुलै

ओस्मार आज माझ्या ओट्यावर येऊन बसला. त्यानं स्वतः मक्याच्या जाड भाकऱ्या करून आणल्या होत्या, आत चीज. माझ्या दातांसाठी मऊ केल्या होत्या. चांगला पोरगा आहे. म्हणूनच जास्त भीती वाटते.

"तुला काही सांगितलंय का कोणी?" मी विचारलं.

"मला काय सांगणार, बाबा? मी शॉर्टस्टॉप आहे, मंत्री नाही."

"पहिल्या रांगेत रोज कोण बसतं, बघतोस ना?"

"मी चेंडू बघतो. बघितला नाही तर तुम्हीच शिव्या घालता."

खाली मान घालून भाकरी मोडत बसला. चीज ओघळून पँटवर पडलं तरी लक्ष नाही. याला ठाऊक आहे.

त्याचे करार ठरवणारा तो दलाल प्राइस! पांढरे बूट घालून फिरतो, उन्हाळा असो की पाऊस. असल्या बुटांच्या माणसावर मी आयुष्यात विश्वास ठेवला नाही.

१७ जुलै

खालच्या संघातून एका पोराला वर आणलंय. बोझमन. वय एकवीस. तोही शॉर्टस्टॉप! वर्तमानपत्रात छापलंय, "ओस्मारला अधूनमधून विश्रांती मिळावी म्हणून." विश्रांती! ओस्मार अठ्ठावीसचा आहे, घोड्यासारखा पळतो.

आमचा क्लब घर विकण्याआधी नवं बांधून ठेवतो. ग्रिमच्या वेळी असंच झालं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, काय हुशार माणसं आहेत ही!

१९ जुलै

आज मी एक गोष्ट केली. लिहू का नको? लिहितो, तू कोणाला सांगणार नाहीस.

करडी टोपी परत आली. मी त्याची खुर्ची पुसली, दोनदा पुसली. मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "शॉर्टस्टॉप चांगलाय हो, पण गुडघ्याचं काय करतात कुणास ठाऊक."

"काय झालंय गुडघ्याला?"

"मला काय माहीत! घरी बर्फ लावून बसतो म्हणतात."

त्यानं बीचं साल थुंकलं. "आजोबा, नाव काय तुमचं?"

"कॅसिमिर."

"कॅसिमिर, माझं सगळं आयुष्य अशा खुर्च्यांवर गेलं. प्रत्येक गावात कोणीतरी येऊन मला सांगतंच, या पोराचा गुडघा गेलाय, त्याचा खांदा गेलाय. मागच्या साली एका पाद्रीबाबानं सांगितलं! तेव्हा खरं सांगा, हा तुमचा कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे जावई," तो म्हणाला आणि बिया पुढे केल्या. "घ्या. मीठ कमी आहे."

घेतल्या. काय करणार? कान तापले होते माझे. आणि वर आता एक चिंता — खरंच त्याचा गुडघा दुखला तर? बोलून दाखवलं की होतं, असं माझी आई म्हणायची.

२१ जुलै

टेनब्रुक स्वतः खाली आला! सामन्याआधी, रांगा रिकाम्या असताना. माझ्या शेजारी बसला. नोकरी गेली, मी समजलो.

"कॅझ, त्या पारख्याच्या क्लबनं गुडघ्याची चौकशी केली, आणि आमचा डॉक्टर सकाळपासून माझ्यामागे लागलाय. म्हणतो, ओस्मारच्या गुडघ्याचं मला का सांगितलं नाही?"

मी पुसलेली खुर्ची परत पुसायला घेतली.

"मी रागावलो नाही. पण पुन्हा नको. यात त्या पोराचं नुकसान आहे."

मग मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, "नुकसान तुम्ही करताय! विकताय त्याला. मला दिसतं सगळं. करडी टोपी दिसते, बोझमन दिसतो."

त्यानं मैदानाकडे बघितलं. पाणी मारत होते. "मी विकायला बसलो नव्हतो, कॅझ. मार्चमध्ये मी त्याला सात वर्षांचा करार देऊ केला. क्लबनं आजवर कोणाला दिली नाही एवढी रक्कम. आमच्यासारख्यांना एवढंच जमतं. पोरगा लवकर 'हो' म्हणाला तर त्याला इथंच म्हातारा होऊ द्यायचा. 'नाही' म्हणाला तर वेळेत द्यायचा. नुसतं बघत बसलो तर एक दिवस तो फुकट जातो, आणि मग पाच वर्षं आपण तळाला."

"'नाही' कोण म्हणालं?"

"त्यांच्याकडून निरोप आला."

"त्यांच्याकडून म्हणजे कोणाकडून?"

"ते मी सांगायचं नाही. घरी विचारा." उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा हात थंड होता.

खोटं बोलतोय. सात वर्षं कोण नाकारेल? आणि बोलत असेल खरं — तर हा प्राइस!

२२ जुलै

प्राइसच्या ऑफिसला फोन केला. एका बाईनं थांबा म्हटलं आणि बाजा लावून दिला. बाजा ऐकत बसलो. मग फोन आपोआप बंद.

२४ जुलै

जेवायला समोर होतो. टेबलावरच विचारलं, "सात वर्षं नाकारलीस तू?"

ओस्मारचा घास तोंडात तसाच. आधी त्यानं रोझालीकडे बघितलं. मग म्हणाला, "प्राइस म्हणाला, थांबून बघू या."

"थांबून काय बघायचंय? इथं काय कमी आहे तुला?"

"बाबा, जेवा ना," रोझाली म्हणाली. "सूप गार होतंय."

"मी त्याच्याशी बोलतोय."

"आणि मी तुमच्याशी बोलतेय."

मारिसोलनं विचारलं, "जाजा का ओरडतो?" जाजा म्हणजे तिचा आजोबा, मी. मी ओरडत नव्हतो. मी मोठ्यानं बोलत होतो.

त्यानं आधी रोझालीकडे का बघितलं? झोप येईना तसं कळलं. बिचारीला त्यानं सांगितलंच नसणार! दलालानं कान भरले, यानं परस्पर नाही कळवलं, आणि माझी पोर आता सारवासारव करतेय. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून मनातलं काही सांगायची नाही. सगळं मलाच ओळखावं लागायचं.

२६ जुलै

जिंकलो. ओस्मारनं दोन झेल असे घेतले की करडी टोपीनं टोपी काढली. मला टाळ्या वाजवता येईनात. एवढा चांगला खेळू नकोस रे बाबा!

२८ जुलै

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत परवा संपते. परवा संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर निदान या वर्षी तरी सुटलो.

३० जुलै

दुपारचा सामना होता. सहावी इनिंग. ओस्मार मैदानात उभा, आणि प्रशिक्षकानं आत बोलावलं. बोझमन पळत त्याच्या जागी गेला. दुखापत नाही, काही नाही. मी माझ्या रांगेच्या टोकाला कठडा धरून उभा राहिलो.

डगआउटच्या, खेळाडू बसतात त्या खोलगट शेडच्या, पायऱ्या उतरला आणि पहिली मिठी पडली. मग दुसरी. मग सगळेच उठले. तो जाडा पिचर, तळघरात हात दुरुस्त केलेला — तो तर त्याला सोडेचना, रडत होता.

इथल्या लेकरालासुद्धा ठाऊक आहे, सामना चालू असताना मिठ्या सुरू झाल्या की पोरगा गेला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. मग टाळ्या. ओस्मारनं बाहेर येऊन टोपी वर केली. माझ्या रांगांकडे बघून केली. मला नीट दिसलं नाही.

पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लबला दिला. देशाच्या त्या टोकाला! बदल्यात तीन पोरं. एक डावखुरा पिचर आहे म्हणे, अठरा वर्षांचा.

बाहेर पडताना यादविगा भेटली. पीठ लागलेला एप्रन अंगावर तसाच, बेकरी टाकून आली होती. म्हणाली, "काय रे कॅझ? आता नाही का सांगत, तीन पोरं कशी निघतात ते बघ म्हणून?" आणि मग माझा दंड धरून गाडीपर्यंत चालत आली.

३१ जुलै

ओस्मार सकाळच्या विमानानं गेला. त्यांचा आज तिकडे सामना आहे. मला मिठी मारली, म्हणाला, "बाबा, माझ्यावर राग धरू नका." मी म्हटलं, "तुझ्यावर नाही. त्या पांढऱ्या बुटांवर! एकदा सापडू दे, तोंडावर सांगतो त्याला, तू माझं घर फोडलंस." ओस्मार काहीतरी बोलणार होता. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला.

रोझाली आणि मारिसोल परवा निघणार. मी खोकी बांधायला गेलो. सगळी आधीच बांधलेली.

२ ऑगस्ट

गेल्या.

गाडीत बसण्याआधी रोझाली माझ्याजवळ आली. "प्राइसला काही बोलू नका, बाबा. त्याचा काही दोष नाही. ओस्मार तर सही करायला बसला होता. नको मी म्हटलं. मार्चमध्येच." मग म्हणाली, "मी तीस वर्षांची होईन. अजून दूध आणायला गेले तरी वाटतं, तुम्हाला सांगून निघायला हवं होतं. मला एकदा न सांगता कुठंतरी जाऊन यायचंय." रागानं नाही म्हणाली. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, आणि माझ्यापेक्षा जास्त तीच रडली.

मी फक्त एवढंच विचारलं, विमान किती वाजता पोचतं. ती हसली. सांगितलं नाही.

पोचलीस की कळव गं. तुझ्या सवडीनं कळव. घाई नाही.

नको. लवकर कळव.