‘नाही समजलं’ म्हणणारा माणूस पाहिजे

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (पत्रातला नमस्कार मला यासाठीच आवडतो, पाठ वाकवावी लागत नाही.) मी इथे ठीक आहे. तुम्हीही ठीक आहात असंच तुम्ही लिहिणार, म्हणून तुमच्या तब्येतीची चौकशी मी परस्पर मामीकडे केली. राग मानू नका. मागच्या पत्रात तुम्ही दोन गोष्टी विचारल्या होत्या, लग्नाचं काय आणि प्रबंधाचं काय. पहिल्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, फक्त झालेलं काही नाही.

आई अजून सगळ्यांना सांगते की मुलगी डॉक्टर होते आहे, त्यामुळे मी घरी गेले की लोक मला गुडघे दाखवतात. मी वैद्यकीय नीतिशास्त्रात संशोधन करते, म्हणजे डॉक्टरांनी काय करू नये याचा अभ्यास, आणि तो डॉक्टरांच्याच परवानगीने करायचा असतो. माझा प्रश्न साधा आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंट ज्या संमतीपत्रावर सही करतो, ते त्याला कळलेलं असतं का? हे पेशंटलाच विचारायचं. पण पेशंटला काहीही विचारायचं तर आधी त्याची संमती हवी, म्हणजे आणखी एक संमतीपत्र आलं, आणि ते त्याला कळेल की नाही हे हॉस्पिटलच्या नीतिसमितीने ठरवायचं. मी एका पानाचा मजकूर घेऊन गेले होते. समितीतल्या वकिलांनी तो सुरक्षित केला, औषधशास्त्राच्या बाईंनी अचूक केला आणि अध्यक्षांनी त्यातले दोन परिच्छेद कापले (ते सर्जन आहेत, हात स्वस्थ बसत नाही). आता तो नऊ पानांचा झाला आहे आणि खाली माझं नाव असूनही मला कळत नाही.

यावर उपाय म्हणून समितीत एक सामान्य माणूस असावा लागतो. नियमच आहे तसा: ज्याला यातलं काही कळत नाही असा एक जण हवा, त्याने कागद वाचावा आणि अडेल तिथे सांगावं. तो नसेल तर बैठक भरत नाही. (शहाण्यांची अख्खी समिती एका अडाण्यावाचून अडते, हे मला या शास्त्रातलं सर्वांत सुंदर कलम वाटतं.) आमचा सामान्य माणूस फर्निचरवाला होता, आणि फार चांगला होता. समिती बसते त्या तळघरातल्या खोलीत, पलीकडच्या लॉन्ड्रीमुळे भिंत तापलेली असताना, तो दर ओळीला मान वर करून ‘म्हणजे काय?’ विचारायचा आणि वकिलांचा चहा गार व्हायचा. मग कुणाला तरी सुबुद्धी सुचली आणि त्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तो प्रमाणपत्र घेऊन परत आला, आणि बरोबर स्वायत्तता, जोखीम-लाभ गुणोत्तर वगैरे मंडळीही घेऊन आला. आता त्याचं बोलणं औषधशास्त्राच्या बाईंनाही कळत नाही. गेल्या बैठकीत अध्यक्षांनी खेदाने जाहीर केलं की हे गृहस्थ आता सामान्य राहिलेले नाहीत. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे राजीनामा दिला. माझा कागद टेबलावर तसाच राहिला.

त्याच्या जागी हॉस्पिटलचा वॉचमन बसवून पाहिला. तो नऊ पानं संपेपर्यंत मान डोलवत होता. काय कळलं असं विचारल्यावर म्हणाला, साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, धीर धर. त्यांची नोकरी कायम आहे. माझी नोंदणी मात्र पुढच्या बैठकीत मंजुरी मिळाली नाही तर रद्द होईल, आणि मुदतवाढ मागण्याचं तोंड आता उरलेलं नाही. तीन वर्षं पाण्यात जातील. बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार सांगावा.

तुमची भाची

ता. क. तुमच्या खालच्या मजल्यावरचे ते गृहस्थ अजून तिथेच राहतात ना? पाण्याच्या पंपाच्या वेळा तुम्ही त्यांना जिन्यात समजावून सांगत होतात आणि ते दर वेळी शांतपणे ‘नाही समजलं, परत सांगा’ म्हणत होते, आणि चौथ्यांदा सांगताना तुमचं तुम्हालाच समजेना, तेव्हापासून तुम्ही ज्यांच्याशी बोलत नाही, ते. मला तो माणूस हवा आहे. कृपा करून त्यांना विचारा.

दुसरा ता. क. समितीच्या सदस्याचे माझ्या घरच्यांशी स्नेहसंबंध नसावेत अशी अट आहे. मी सचिवांना खरं ते लिहून दिलं, की ते माझ्या मामांचे शेजारी आहेत आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. सचिव फार खूश झाले. तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना विचारा, पण समेट करू नका. निदान बैठक होईपर्यंत तरी कळ काढा.

शेवटचा ता. क. बैठक झाली की मात्र लगेच समेट करा. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय हे मामीने सांगितलं. पहिल्या वेळी मी तिथेच होते. डॉक्टर डोळ्याला पाणी न लावण्याचं पथ्य सांगत होते, तुम्ही मान डोलवत होतात, मग ‘यात न समजण्यासारखं काय आहे’ म्हणून सही ठोकलीत आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळाखाली खसाखसा तोंड धुतलंत. त्या डोळ्याला आता माझा चेहरा धुरकट दिसतो, हे तुम्ही सांगितलं नाहीत तरी मला माहीत आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. प्रबंधाचा विषय कुठून सुचला, असं तुम्ही दरवेळी विचारता. तिथूनच सुचला. शाळेत शिकवताना तुम्ही आम्हा सगळ्यांना सांगायचात, समजलं नाही तर हात वर करा. तुमचा स्वतःचा हात काही वर जायचा नाही, म्हणून या वेळी डॉक्टरकडे जाताना खालच्या मजल्यावरच्यांना बरोबर घेऊन जा.